आधी टेपांचा डबा, मग मशीन

प्रश्न असा आहे: घर आवरताना ४८ केचा (म्हणजे ४८ किलोबाइट मेमरीचा) एक झेडएक्स स्पेक्ट्रम, हा सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीचा ऐंशीच्या दशकातला घरगुती कॉम्प्युटर, त्याचा अडॅप्टर आणि ज्यांवर त्याचे प्रोग्रॅम साठवत त्या कॅसेटांनी भरलेला डबा सापडला, तर तो चालू करून बघावा का? त्यालाच जोडून दुसरा प्रश्न आहे. या कॉम्प्युटरांच्या काळाबद्दल जिथे बघावं तिथे गॅरेजमधली दोन हुशार मुलं, अमेरिकेतल्या दोन-तीन कंपन्या आणि ‘तेव्हा घरोघरची मुलं प्रोग्रॅमिंग शिकत होती’ हीच गोष्ट वाचायला मिळते. विचारणाऱ्याला आठवतो तो काळ तसा नव्हता. मग चुकतंय कोण, आठवण की इतिहास?

मी बरीच वर्षं अशी मशिनं दुरुस्त करतो आणि जुन्या टेपांवरचं सॉफ्टवेअर उतरवून जपून ठेवतो. माझ्या लेखी या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या डब्यातच आहे. स्पेक्ट्रम लाखोंनी बनले आणि आजही शोधले तर मिळतात. शिवाय त्यांच्याबद्दल इतकं लिहून झालंय की बोर्डावरच्या प्रत्येक चिपेची माहिती उपलब्ध आहे. हाताने नाव लिहिलेली कॅसेट मात्र जगात एकच असते. त्या काळात घरात खरोखर काय चाललं होतं, हे सांगणारा पुरावा तिच्यात आहे, आणि तो दर वर्षी थोडा थोडा झिजतोय.

तरी मशिनाचं आधी सांगून टाकतो, कारण उत्साहाच्या भरात पहिलं नुकसान तिथेच होतं. स्पेक्ट्रमला चालू-बंदचं बटण नाही. अडॅप्टरची पिन खोचली की वीज थेट बोर्डावर जाते. म्हणून आज पिन खोचू नका. आधी मल्टीमीटर घेऊन अडॅप्टर तपासा. तो ९ व्होल्टचा असला तरी काही जोडलेलं नसताना त्याहून बराच जास्त आकडा दाखवतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मात्र त्याच्या पिनेचा मधला भाग ऋण असतो आणि आजचे बहुतेक अडॅप्टर याच्या नेमके उलटे असतात. घरात पडलेला दुसरा ‘९ व्होल्टचा’ अडॅप्टर लावून लोकांनी चांगली मशिनं घालवली आहेत.

दुसरी नाजूक जागा बोर्डावरच आहे. पहिल्या १६ केसाठी वापरलेल्या ४११६ जातीच्या मेमरी चिपांना ५ आणि १२ व्होल्टबरोबर उणे ५ व्होल्टही लागतात. हे व्होल्टेज तयार करणारी एक छोटी कॉइल आणि दोन ट्रान्झिस्टर तिथेच बसवलेले असतात. त्यातलं काही बिघडलं आणि उणे ५ व्होल्ट नाहीसे झाले, की चिपाही जळायला लागतात. म्हणून हाताशी जाणकार असेल तर ही व्होल्टेजं एकदा मोजून घ्यावीत आणि जुने इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर बदलावेत.

त्या काळच्या बाकी घरगुती मशिनांचे आजार वेगळे. कमोडोर ६४ च्या विटेसारख्या जड पॉवर सप्लायमधला रेग्युलेटर गेला की ५ व्होल्टचे जास्त होतात आणि मेमरी मरते. बीबीसी मायक्रोच्या सप्लायमधल्या रिफा बनावटीच्या कपॅसिटरांना चिरा पडून ओलावा शिरतो आणि मग एक दिवस भरपूर धूर निघतो. अमिगा ५०० च्या मेमरी कार्डावरची बॅटरी गळून तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. तुमच्याकडे अमिगा असेल तर हे वाचणं थांबवून आधी ती बॅटरी काढा.

स्पेक्ट्रमच्या त्याच बोर्डावर एक गोष्ट आहे, जी मी नवीन माणसाला नेहमी दाखवतो. वरच्या ३२ केसाठी लावलेल्या आठ चिपा मुळात ६४ किलोबिटच्या होत्या, पण त्यांचा अर्धा भाग कारखान्यातच सदोष निघालेला होता. सिंक्लेअरने त्या स्वस्तात घेतल्या आणि चांगला अर्धा भाग तेवढा वापरला. कोणता अर्धा चांगला आहे, हे बोर्डावरच्या एका तारेच्या तुकड्याने ठरवलेलं असतं. १९८२ मध्ये १७५ पौंडांत रंगीत ४८ केचा कॉम्प्युटर कसा देता आला, याचं उत्तर त्या तारेत दिसतं. प्रतिभेच्या कहाण्यांमध्ये हा काटकसरीचा भाग नेहमी गळतो, आणि मला तर त्याचंच जास्त कौतुक वाटतं.

आता टेपा.

कॅसेट लगेच वाजवू नका. वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी गुंडाळून पडलेली टेप आधी पूर्ण पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या. टेपेला हेडवर दाबणारी आतली फेल्टची गादी निघाली आहे का, बुरशीचे पांढरे ठिपके आहेत का, ते बघा. बुरशी असेल तर ती कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, नाहीतर पुढच्या सगळ्या टेपांना ती लागेल. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या असतात, त्या तोडून टाका, म्हणजे चुकूनही वर रेकॉर्ड होणार नाही. मगच चांगल्या स्थितीतल्या डेकवर वाजवा आणि आवाज कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करा. ४४.१ किलोहर्ट्झ, कॉम्प्रेशन न करता, डॉल्बी वगैरे बंद ठेवून. दोन्ही बाजू पूर्ण रेकॉर्ड करा, रिकाम्या वाटल्या तरी. आवाज दबलेला येत असेल तर हेडच्या बाजूचा छोटा स्क्रू अगदी किंचित फिरवून सूर जास्तीत जास्त टोकदार करायचा. हे काम कानाने होतं आणि दर टेपेला नव्याने करावं लागतं, कारण प्रत्येक टेप वेगवेगळ्या टेपरेकॉर्डरवर भरलेली असते.

एवढं जपून करायचं कारण त्या आवाजातच आहे. स्पेक्ट्रम प्रोग्रॅम साठवतो तो साध्या ध्वनीच्या रूपात. आधी सुमारे पाच सेकंदांचा एकसुरी लांब आवाज, तेव्हा पडद्याच्या कडेला लाल आणि निळसर पट्टे सरकतात. मग एक क्षणभर खरखर, ती १७ बाइटांची ओळख: हा प्रोग्रॅम आहे की चित्र, त्याचं दहा अक्षरी नाव, लांबी. पुन्हा थोडा लांब आवाज आणि मग निळ्या-पिवळ्या पट्ट्यांसह मूळ मजकूर. शून्यासाठी एक छोटी लाट आणि एकासाठी तिच्या दुप्पट लांबीची लाट, बस्स. पूर्ण ४८ के भरायला सुमारे पाच मिनिटं लागतात. शेवटी एकच बाइट असा असतो, ज्यावरून मजकूर बरोबर आला की नाही ते कळतं. कुठे चुकलं ते त्यावरून कळत नाही. म्हणूनच एका बारीक सुरकुतीपायी पाच मिनिटांनी ‘टेप लोडिंग एरर’ यायचा.

आज हातात रेकॉर्ड केलेला आवाज असेल तर ती सुरकुती पडद्यावर लाटेच्या रूपात मोठी करून बघता येते. दोन छोट्या लाटांच्या मध्ये एक दबलेली दिसते, ती हाताने नीट करता येते आणि तो शेवटचा बाइट जुळतो. जुना कॉम्प्युटर ही दुसरी संधी देत नव्हता. म्हणून माझा आग्रह असतो की टीझेडएक्ससारख्या, टेपेतला मजकूर साठवणाऱ्या फाइलीत रूपांतर करून झालं तरी मूळ ध्वनिमुद्रण टाकून देऊ नये. पुढच्या कोणाकडे आपल्यापेक्षा चांगली साधनं असतील.

आणि त्या टेपांवर काय निघतं? विकत घेतलेले खेळ बहुतेक आधीच जपलेले असतात. माझं लक्ष असतं साध्या, रिकाम्या विकत आणलेल्या कॅसेटांवर. त्यांत घरखर्चाचे हिशेब असतात, कोणीतरी धाकट्या भावंडासाठी लिहिलेली पाढ्यांची परीक्षा असते, मासिकातून उतरवलेला आणि अर्धवट सोडलेला प्रोग्रॅम असतो. कधी लांब सुराच्या आधी लहान मुलाच्या आवाजात प्रोग्रॅमचं नाव ऐकू येतं, कारण टेपवर काय कुठे आहे ते शोधायची सोपी युक्ती तीच होती.

एका कॅसेटवर मला उड्या मारणाऱ्या चेंडूचा एकच प्रोग्रॅम ओळीने पाच वेळा साठवलेला मिळाला. पहिल्या प्रतीत चेंडू कडेला पोचला की ‘इंटिजर आउट ऑफ रेंज’ म्हणून सगळं थांबतं. दुसरीत २४० आणि २५० या ओळींच्या मध्ये २४५ आली आहे, दिशा उलटी करणारी, पण फक्त उजव्या भिंतीसाठी. तिसरीत २४६ आली, डाव्यासाठी. चौथीत दोन्ही ओळी गेल्या आणि त्यांच्या जागी एकच ओळ आली, जी दिशेला उणे एकने गुणते. पाचवीत नवं काही नाही, चेंडूचा रंग तेवढा बदललाय. ज्या कोणी तो लिहिला त्याला किंवा तिला ऋण संख्येचा उपयोग त्या दिवशी कळला, आणि ते कळताना दिसतं. ‘मुलं कॉम्प्युटरवर शिकली’ या विधानाचा मला मिळालेला हा सगळ्यात ठोस पुरावा आहे. कोणत्याही कंपनीच्या कागदपत्रांत तो मिळणार नाही.

इथून दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. छापून आलेला इतिहास खोटा नाही. पण जे उरले, ज्यांचं नाव टिकलं आणि ज्यांना आपली गोष्ट सांगायला माणसं मिळाली, त्यांच्या बाजूने तो झुकलेला आहे. काही उदाहरणं बघा.

सुरुवात सहसा जानेवारी १९७५ च्या ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठापासून सांगतात, ज्यावर अल्टेअर ८८०० हा कॉम्प्युटर झळकला. त्या फोटोतला खोका आतून रिकामा होता. खरा नमुना पाठवताना वाटेत गहाळ झाला आणि छपाई तर थांबवता येत नव्हती. म्हणजे ज्या चित्रातून ही क्रांती सुरू झाली असं मानतात, त्यात कॉम्प्युटरच नव्हता. अल्टेअरचं महत्त्व याने कमी होत नाही, पण जुन्या जाहिरातींतले आणि मासिकांतले फोटो पुरावा म्हणून वापरताना मी तेव्हापासून सावध असतो.

१९७७ मध्ये ॲपल टू, कमोडोर पेट आणि टीआरएस-८० असे तीन तयार कॉम्प्युटर बाजारात आले. आज सामान्य माणसाला त्यातला ॲपल आठवतो. पण सुरुवातीच्या वर्षांत जास्त खपत होता तो टीआरएस-८०. कारण साधं होतं: तो बनवणाऱ्या टँडी कंपनीकडे रेडिओ शॅक नावाची स्वतःची हजारो दुकानं होती आणि पडदा व टेपरेकॉर्डरसह पूर्ण संच ५९९ डॉलरना मिळत होता. ॲपल टू तेव्हा पडद्याशिवाय १,२९८ डॉलरला होता. टँडी पुढे या धंद्यातून बाहेर पडली, ॲपल उरली, आणि उरलेल्याचा भूतकाळ सगळ्यांचा भूतकाळ झाला. गॅरेजचं म्हणाल तर ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझनिअॅक यांनी स्वतःच सांगितलंय की ते बऱ्याच अंशी मिथक आहे, तिथे रचनेचं किंवा उत्पादनाचं काम झालंच नाही.

आकड्यांची गोष्ट याहून बोलकी आहे. कमोडोर ६४ किती विकले गेले? वर्षानुवर्षं १ कोटी ७० लाख हा आकडा फिरतोय, काही ठिकाणी ३ कोटींपर्यंतही जातो. मिखाएल श्टाइल यांनी संग्राहकांकडच्या मशिनांचे सीरियल नंबर गोळा करून हिशेब मांडला, तेव्हा अंदाज सुमारे सव्वा कोटीचा आला. इतिहास तपासण्याची ही मला फार आवडणारी पद्धत आहे. मुलाखतीतला आकडा एकमेकांकडून उचलत बसण्यापेक्षा मशीन उलटं करून खालचा स्टिकर वाचायचा. तुमच्या स्पेक्ट्रमच्याही तळाचा फोटो काढून ठेवा, सीरियल नंबर वाचता येईल असा.

तिसरं उदाहरण १९८३ च्या ‘व्हिडिओ गेमच्या कोसळण्याचं’. त्या वर्षी सगळा गेमिंगचा धंदा बुडाला आणि मग जपानी निन्टेंडोने तो वाचवला, असं जगभर सांगितलं जातं. ही उत्तर अमेरिकेची गोष्ट आहे. अटारी कंपनीने खेळांची कार्ट्रिजं वाळवंटात पुरली ती खरोखरच, २०१४ मध्ये ती उकरून काढली. पण ब्रिटनमध्ये त्याच सुमारास स्पेक्ट्रम आणि बीबीसी मायक्रोवर खेळांची नवी लाट उसळत होती. ‘एलीट’ हा गाजलेला खेळ आला तो १९८४ मध्ये. तिथला धंदा अडचणीत आला तो नंतर आणि वेगळ्या कारणांनी: इमॅजिन सॉफ्टवेअर १९८४ मध्ये बुडाली, १९८५ मध्ये बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्नची सूत्रं ऑलिव्हेट्टीकडे गेली आणि १९८६ मध्ये सिंक्लेअरचा कॉम्प्युटर व्यवसाय ॲमस्ट्रॅडने ५० लाख पौंडांना घेतला. ज्याच्या घरी स्पेक्ट्रम होता त्याला १९८३ ची ‘मंदी’ आठवत नसेल, तर त्याची आठवण अगदी बरोबर आहे.

आणि ज्या देशांत हे कॉम्प्युटर सरळ विकत घेता येत नव्हते, तिथल्या कहाण्या तर मला सर्वात मोलाच्या वाटतात. युगोस्लाव्हियात आयातीवर किमतीची मर्यादा होती. व्होया अँटोनिच यांनी १९८३ मध्ये गॅलाक्सिया नावाचा कॉम्प्युटर असा आखला की तो कोणालाही घरी जोडता यावा. चित्र काढायला वेगळी चिप नाही, ते कामही झेड८० प्रोसेसरच करतो, म्हणून सुटे भाग कमी लागतात. आराखडा मासिकाच्या विशेषांकात छापला गेला आणि हजारो लोकांनी तो बनवला. बेलग्रेडच्या रेडिओवर झोरान मोडली आपल्या कार्यक्रमात प्रोग्रॅमांचा आवाज प्रसारित करायचे, लोक तो कॅसेटवर रेकॉर्ड करून कॉम्प्युटरला ऐकवायचे. नेदरलँड्समध्येही सार्वजनिक रेडिओवर हेच चालायचं, आणि तिथे बेसिकोड नावाची पद्धत तयार झाली, म्हणजे एकच प्रसारण वेगवेगळ्या बनावटीच्या कॉम्प्युटरांवर चालावं.

ब्राझीलमध्ये परदेशी कॉम्प्युटरांवर बंधनं होती, म्हणून तिथे टीके९०एक्स नावाने स्पेक्ट्रमची नक्कल झाली. सोव्हिएत संघात उत्साही लोकांनी सिंक्लेअरच्या खास चिपेचं काम साध्या लॉजिक चिपांनी करून लेनिनग्राड, पेंटागॉन असे अवतार बनवले. पेंटागॉनवर नवं काम आजही होतं. जपानमध्ये १९८३ साली एमएसएक्स हा घरगुती कॉम्प्युटरांचा समाईक नमुना ठरला, आणि तो अरबी लिपीसह साख्र या नावाने अरब देशांत पोचला. भारतात १९८४ च्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये बीबीसी मायक्रो आले, आणि डेसिबेल्स कंपनीने स्पेक्ट्रम प्लसची परवानाधारक आवृत्ती काढली. हे सगळं अमेरिकेतल्या गॅरेजपासून सुरू होणाऱ्या गोष्टीत मावत नाही. म्हणून ते तळटीपेत जातं, आणि हळूहळू ज्यांनी ते अनुभवलं त्यांनाही आपला अनुभव किरकोळ वाटायला लागतो.

‘घरोघरची मुलं प्रोग्रॅमिंग शिकत होती’ या दाव्यात एक गाभा नक्की खरा आहे. मशीन चालू केलं की समोर बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषाच यायची. काहीही करायचं तर एक तरी आज्ञा टाइप करावी लागायची, खेळ लोड करायचा असला तरी. बीबीसीने १९८१-८२ मध्ये कॉम्प्युटर, टीव्ही मालिका आणि पुस्तकं मिळून साक्षरतेचा मोठा प्रकल्प उभा केला, त्याचा परिणामही खरा आहे. एकॉर्नच्या सोफी विल्सन यांनी लिहिलेलं बीबीसी बेसिक इतकं नेटकं आहे की आजही शिकवताना लाज वाटणार नाही, आणि त्याच कंपनीत त्यांनी व स्टीव्ह फर्बर यांनी आखलेल्या एआरएम प्रोसेसरचे वंशज आज प्रत्येक खिशात आहेत.

पण माझ्याकडे येणारे डबे उघडले की बहुतेक ठिकाणी खेळच असतात, आणि पुस्तिकेची पहिली काही पानं तेवढी मळलेली असतात. जाहिरातींत घरखर्च आणि अभ्यास दाखवत, घरात खेळ चालत. खेळण्यात वाईट काहीच नव्हतं, मुलं त्यातूनही बरंच काही घेत होती. मात्र जे पुढे प्रोग्रॅमर झाले त्यांनी आठवणी लिहिल्या. ज्यांनी महिनाभराने कॉम्प्युटर कपाटात ठेवला त्यांनी लिहिल्या नाहीत, आणि ते संख्येने कमी नव्हते.

घरात कॉम्प्युटर कोणासाठी आला हाही प्रश्न फार कमी विचारला जातो. अमेरिकेत कॉम्प्युटर सायन्सच्या पदव्यांत मुलींचं प्रमाण १९८४ च्या सुमारास ३७ टक्क्यांच्या आसपास पोचलं आणि मग घसरत गेलं. हा घरगुती कॉम्प्युटरांचाच काळ. कारणं अनेक असतील, पण कार्नेगी मेलन विद्यापीठात नव्वदच्या दशकात विद्यार्थ्यांच्या दीर्घ मुलाखती घेतल्या गेल्या तेव्हा हे पुन्हा पुन्हा पुढे आलं की कॉम्प्युटर मुलासाठी घेतला जायचा, त्याच्याच खोलीत असायचा, आणि बहीण बाजूला उभी राहून बघायची. मुली कॉलेजात आल्या तेव्हा वर्ग त्यांच्यापेक्षा काही वर्षं पुढे होता. दुसरीकडे ‘द हॉबिट’ हा त्या काळातला सर्वात महत्त्वाकांक्षी, वाक्यं टाइप करून खेळायचा साहसखेळ फिलिप मिचेल यांच्याबरोबर लिहिणाऱ्या व्हेरोनिका मेगलर होत्या, आणि रोबर्टा विल्यम्स यांनी १९८० मध्येच चित्रांसह साहसखेळ आणला होता. बायका तिथे होत्याच, सांगितल्या जाणाऱ्या गोष्टीतून त्या निसटल्या. तुमच्या घरी बहीण होती का आणि तिचा हात कीबोर्डला लागायचा का, हे आठवा. उत्तर काहीही असो, ते लिहून ठेवण्यासारखं आहे.

आठवणही फसवते, त्याचं एक उदाहरण नजरेपुढचं आहे. आज जुन्या खेळांचं चित्र म्हटलं की धारदार कडांचे चौकोनी ठोकळे डोळ्यांपुढे येतात. ते आपल्याला एम्युलेटरांनी, म्हणजे जुन्या मशिनाची नक्कल करणाऱ्या आजच्या प्रोग्रॅमांनी, शिकवलंय. तेव्हा चित्र अँटेनाच्या तारेतून टीव्हीवर जायचं आणि वाटेत बरंच पसरायचं. स्पेक्ट्रमचं चित्र २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचं होतं, पण रंग आठ गुणिले आठच्या चौकटीला दोनच. चित्रकार एक आड एक ठिपके मांडत आणि टीव्हीवर ते मिसळून तिसरी छटा तयार होई. आजच्या पडद्यावर तेच चित्र बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं आणि ‘तेव्हा असलंच असायचं’ असं वाटतं. शक्य असेल तर जुन्या नळीच्या टीव्हीवर एकदा तरी बघा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. असे टीव्ही मशिनांपेक्षा वेगाने नाहीसे होत आहेत.

जे वाचलं ते कसं वाचलं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. बऱ्याच कंपन्यांनी मूळ टेपा आणि सोर्स कोड जपलाच नाही. दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरवर मित्रांसाठी केलेल्या प्रती, कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं संरक्षण तोडून वाटलेल्या डिस्का आणि १९९५ पासून ‘वर्ल्ड ऑफ स्पेक्ट्रम’सारखे संग्रह उभे करणारे हौशी लोक, यांच्यामुळे ते उरलं. ॲमस्ट्रॅडने सिंक्लेअरचे रॉम, म्हणजे मशिनात कायमचे भरलेले मूळ प्रोग्रॅम, एम्युलेटरांबरोबर वाटायला परवानगी दिली, हा मोठेपणा मी नेहमी नावानिशी सांगतो. उलट संस्थांचं काम नेहमी टिकतंच असं नाही. बीबीसीने १९८६ मध्ये डोम्सडे प्रकल्पात देशभरच्या लोकांकडून, शाळांकडून माहिती आणि फोटो गोळा करून लेसरडिस्कवर घातले. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली आणि मजकूर सोडवायला संशोधकांना स्वतंत्र प्रकल्प करावा लागला. सिएटलचं लिव्हिंग कॉम्प्युटर्स संग्रहालय २०२० मध्ये बंद झालं ते पुन्हा उघडलंच नाही, आणि २०२४ मध्ये त्यातल्या वस्तू लिलावात गेल्या. म्हणून संग्रहालयाला दिलं की सुटलो असं मानू नका. केंब्रिजचं सेंटर फॉर कॉम्प्युटिंग हिस्ट्री यांसारख्या ठिकाणी उत्तम काम होतं, तरी डिजिटल प्रती तुमच्याकडे आणि इंटरनेट अर्काइव्हसारख्या जागी, अशा दोन्हीकडे असू द्या.

आता तुमच्यासाठी कामाचा क्रम. डबा उघडायच्या आधी आहे तसा फोटो काढा, कारण कोणती टेप कोणत्या खोक्यात होती यालाही अर्थ असतो. सगळ्या कॅसेटांचे कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. आतल्या बाजूला टेपरेकॉर्डरच्या काउंटरचे आकडे लिहिलेले असतात आणि टेप वाचताना तेच उपयोगी पडतात. पुस्तिकेतली पेन्सिलने लिहिलेली पानं स्कॅन करा. कोरं पान दुसऱ्या कोणत्याही प्रतीत मिळेल. मासिकांतले टाइप करून घ्यायचे प्रोग्रॅम असतील आणि त्यावर खाणाखुणा असतील तर तेही ठेवा. पेरॉक्साइड लावून पिवळं पडलेलं प्लास्टिक पांढरं करायची घाई नको. ते पुन्हा पिवळं पडतं, आणि स्पेक्ट्रम तर काळाच आहे. दुरुस्तीत जो भाग बदलाल तो पिशवीत घालून, तारीख लिहून मशिनाबरोबर ठेवा.

मग लिहायला बसा, आणि लिहिताना दोन रकाने करा: मला स्वतःला आठवतं ते, आणि मी नंतर कुठेतरी वाचलं ते. हे वाटतं त्याहून कठीण आहे, पण यानेच तुमचं लिखाण पुढच्या माणसाला वापरता येईल. कॉम्प्युटर कोणी आणला, टीव्ही कोणाच्या वाट्याला कधी यायचा, पहिला प्रोग्रॅम कोणता, कधी आणि का बंद पडला. घरातल्या बाकीच्यांना वेगवेगळं विचारा, एकत्र बसवून नको, नाहीतर सगळ्यांची एकच गोष्ट होते. ज्याला त्या मशिनाचा कंटाळा होता त्यालाही विचारा.

एखादी टेप कशीच वाचता आली नाही तरी टाकू नका. तिचं ध्वनिमुद्रण नाव-तारखेसह ठेवा आणि टेप उतरवणाऱ्या लोकांना ते पाठवा. मी स्वतः अशी मुद्रणं वर्षभराने पुन्हा काढून बघतो, आणि त्यातली काही दुसऱ्या खेपेला वाचता येतात.